जुनं व्हर्जन कुठे गेलं?

'स्टार वॉर्स'च्या फॅन लोकांची चेष्टा करणं फार सोपं आहे. एवढे मोठे घोडे झाले, पोरंबाळं झाली, तरी कँटीनामधल्या त्या टेबलावर आधी गोळी कोणी झाडली, हान सोलोने की ग्रीडोने, यावर १९९७ सालापासून भांडतायत. ऑफिसच्या कँटीनमध्ये हा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "अरे, पिक्चर आहे रे तो. मोठे व्हा आता!"

मला याच वाक्याचा राग येतो. हे भांडण गोळीचं नाहीच आहे. लाखो लोकांनी पाहिलेली, पैसे देऊन पाहिलेली, आवडलेली एक गोष्ट मालकाने परस्पर बदलली, आणि मूळ गोष्ट पाहायची सोयच काढून टाकली, याचं हे भांडण आहे. माझं मत सरळ आहे. यात फॅन मंडळी बरोबर आहेत आणि 'मोठे व्हा' म्हणणारे चूक. कसं ते सांगतो.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात इतिहास. मे १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' अमेरिकेत लागला. तेव्हा त्याचं नाव नुसतं 'स्टार वॉर्स' होतं. 'एपिसोड ४, अ न्यू होप' ही अक्षरं १९८१ च्या रि-रिलीजमध्ये चिकटवली गेली. हा बदल कोणाला फारसा खुपला नाही. पण १९९७ मध्ये, विसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, जॉर्ज लुकास यांनी तिन्ही जुन्या चित्रपटांची 'स्पेशल एडिशन' काढली. मॉस आयझलीच्या रस्त्यावर कॉम्प्युटरवर बनवलेले प्राणी फिरायला लागले. जब्बाचा एक अख्खा सीन आत आला. आणि हानने टेबलाखालून झाडलेल्या गोळीच्या आधी ग्रीडोची एक गोळी आली, जी हाताच्या अंतरावरून चुकते!

तिथे थांबले असते तरी ठीक होतं. २००४ च्या डीव्हीडीमध्ये दोन्ही गोळ्या जवळजवळ एकदम सुटायला लागल्या. 'रिटर्न ऑफ द जेडाय'च्या शेवटी अनाकिनच्या आत्म्याच्या जागी सेबॅस्टियन शॉ या म्हाताऱ्या नटाला काढून हेडन क्रिस्टेनसेनला उभं केलं. बिचारा १९८३ मध्ये दोन वर्षांचा होता. २०११ च्या ब्लू-रेमध्ये डार्थ वेडर, जो मूळ प्रसंगात एक शब्द न बोलता निर्णय घेतो, तो "नोऽऽऽ" म्हणून ओरडायला लागला. २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर चित्रपट आला तर ग्रीडो गोळी झाडायच्या आधी 'मॅक्लंकी' असं काहीतरी बरळतो. म्हणजे चाळीस वर्षं उलटून गेली तरी प्रॉडक्शनमध्ये थेट पॅच टाकणं चालूच!

आता कोणी म्हणेल, त्यांचा पिक्चर, त्यांची मर्जी. लेखकाने स्वतःच्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती काढू नये का? जरूर काढावी. माझी काहीच हरकत नाही. पण सुधारित आवृत्ती निघाली म्हणून वाचनालयातली पहिली आवृत्ती कोणी गोळा करून नेत नाही. इथे मात्र नेमकं तेच झालं. मूळ आवृत्ती अधिकृतपणे मिळाली ती शेवटची २००६ मध्ये, तीसुद्धा डीव्हीडीच्या सेटमध्ये 'बोनस' म्हणून. आणि तिची क्वालिटी? १९९३ च्या लेझरडिस्कसाठी केलेला मास्टर तसाच्या तसा उचलून टाकलेला. मोठ्या टीव्हीवर लावला तर मध्ये चित्र आणि चारी बाजूंनी काळं. उष्टं वाढल्यासारखं. त्यानंतर ब्लू-रेवर नाही, स्ट्रीमिंगवर नाही. १९९७ नंतर कळत्या झालेल्या माझ्या पिढीने ज्याला 'स्टार वॉर्स' म्हणून डोक्यावर घेतलं, तो जगाने १९७७ मध्ये पाहिलेला चित्रपट नव्हेच.

'त्यांची मर्जी' या मुद्द्यातली खरी गंमत पुढे आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत जुन्या कृष्णधवल चित्रपटांना कॉम्प्युटरने रंग फासायची टूम निघाली होती. टेड टर्नर यांनी जुन्या चित्रपटांचा मोठा खजिना विकत घेतला होता आणि ते रंगवायला काढले होते. दिग्दर्शक मंडळी खवळली. मार्च १९८८ मध्ये या प्रश्नावर अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष द्यायला जे गेले, त्यात एक गृहस्थ होते जॉर्ज लुकास. त्यांनी तिथे काय सांगितलं याचा सारांश असा: कलाकृती ही समाजाच्या इतिहासाचा भाग असते, कॉपीराइटचा कागद हातात आहे म्हणून तिची मोडतोड करायचा हक्क कोणाला मिळत नाही, आणि पुढे तंत्रज्ञान इतकं सोपं होईल की जुन्या नटांच्या जागी नवे चेहरे बसवता येतील, संवाद बदलता येतील, म्हणून आत्ताच मूळ प्रती जपल्या पाहिजेत.

परत एकदा वाचा. जुन्या नटांच्या जागी नवे चेहरे. १९८८ मधला हा इशारा सोळा वर्षांनी खरा करून दाखवला तो कोणी? इशारा देणाऱ्यानेच!

त्याच वर्षी अमेरिकेत चित्रपट जतनाचा कायदा झाला, त्यातून 'नॅशनल फिल्म रजिस्ट्री' उभी राहिली आणि १९८९ मध्ये जपून ठेवण्याच्या लायकीचे पहिले पंचवीस चित्रपट निवडले गेले. त्यात 'स्टार वॉर्स' होता. १९८९ मध्ये निवडला म्हणजे कोणता निवडला? १९९७ चा नक्कीच नाही.

लुकास यांच्या बाजूने एक उत्तर दिलं जातं. टर्नर हे नुसते मालक होते, लुकास हे निर्माते आहेत, दोघांत फरक आहे. मान्य, फरक आहे. पण चित्रपट एकटा माणूस बनवतो का? 'स्टार वॉर्स'ला जी ऑस्कर मिळाली त्यात एडिटिंगचं होतं: मार्शिया लुकास, पॉल हर्श आणि रिचर्ड च्यू. व्हिज्युअल इफेक्ट्सचं होतं, आणि त्या टीममध्ये जॉन डायक्स्ट्रा होते, ज्यांच्या नावाने तो 'डायक्स्ट्राफ्लेक्स' कॅमेरा ओळखला जातो. यानाचं मॉडेल जागेवर उभं ठेवायचं आणि कॅमेराच मोटरवर, प्रोग्राम केल्याप्रमाणे, दर वेळी अगदी तस्साच फिरवायचा. मग एकाच हालचालीचे वेगवेगळे थर एकमेकांवर बरोब्बर बसतात. हे १९७५-७६ चं काम आहे राव! बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या मॉडेल किटचे तुकडे चिकटवून त्या पोरांनी यानं बनवली. बेन बर्ट यांनी हत्तीच्या चीत्काराचा आवाज आणि ओल्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज एकत्र करून टाय फायटरचा आवाज तयार केला. डेथ स्टारवरच्या हल्ल्याआधी पायलटांना दाखवतात तो रेषारेषांचा नकाशा लॅरी क्यूबा यांनी शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या कॉम्प्युटरवर बनवला.

या लोकांच्या हातचं काम पाहूनच तर आम्ही या चित्रपटाच्या प्रेमात पडलो. नवीन इफेक्ट्स त्यांच्या कामावर रंगाच्या थरासारखे फासले, तर झाकलं कोणाचं काम गेलं? एका माणसाचं नाही, शेकडो माणसांचं. ज्या कामाला ऑस्कर मिळालं ते कामच धड पाहायला मिळू नये, असं दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात चालेल?

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, तेव्हा माझ्या भाषेत सांगतो. नवीन रिलीज काढायला आमची कोणाचीच ना नसते. व्हर्जन दोन काढा, तीन काढा. पण व्हर्जन एकचा टॅग कोणी उडवत नाही. तो रिपॉझिटरीमध्ये असतो, ज्याला पाहिजे तो चेकआउट करू शकतो. नवीन कोड लिहिताना जुन्यावर ओव्हरराइट करून वर "जुनं कधी नव्हतंच" असं सांगणाऱ्या माणसाला टीममध्ये कोणी ठेवणार नाही. पहिल्या वर्षाच्या ट्रेनीलाही हे कळतं.

आणि हे अवघड असतं असंही नाही. याच जातकुळीतल्या दुसऱ्या मंडळींनी ते करून दाखवलंय. मूळ 'स्टार ट्रेक' मालिकेवर २००६ पासून नवे कॉम्प्युटर इफेक्ट्स चढवले गेले. पण २००९ मध्ये ब्लू-रे आली तेव्हा रिमोटवर पर्याय दिला: जुने इफेक्ट्स पाहायचेत की नवे, तुम्ही ठरवा. 'ब्लेड रनर'चा फायनल कट २००७ मध्ये आला, तेव्हा त्याबरोबर पाच वेगवेगळी व्हर्जन्स एका डब्यात घालून विकली, १९८२ ची थिएटरमधली धरून. स्पीलबर्ग यांच्या 'क्लोज एन्काउंटर्स'ची १९७७, १९८० आणि १९९८ अशी तिन्ही व्हर्जन्स २००७ मध्ये एकत्र मिळाली. आपल्याकडचंच बघा ना. २००४ मध्ये 'मुघल-ए-आझम' संपूर्ण रंगीत करून थिएटरला लावला. कोणाला आवडला, कोणाला नाही. पण कृष्णधवल 'मुघल-ए-आझम' कोणी गायब केला नाही. ज्याला मधुबाला काळ्या-पांढऱ्यातच पाहायचीय तो पाहू शकतो. विषय संपला. कोणी भांडलं नाही, कारण भांडायचं कारणच ठेवलं नाही.

मग पुढचा बचाव येतो, तांत्रिक. मूळ निगेटिव्हच स्पेशल एडिशनसाठी कापून बदलली, तेव्हा जुनं आता परत कसं आणणार? हे ऐकलं की मला हसू येतं. कारण ज्या गोष्टीला स्टुडिओ अवघड म्हणत होता ती फॅन लोकांनी घरी बसून केली. चेक प्रजासत्ताकातल्या एका तरुण फॅनने ब्लू-रे, जुन्या डीव्हीडी आणि मिळतील तिथून मिळवलेले तुकडे जोडून 'डीस्पेशलाइज्ड एडिशन' तयार केली. जिथे जिथे नवीन इफेक्ट, तिथे तिथे शॉटमागून शॉट जुनं परत बसवलं. दुसऱ्या एका गटाने १९७७ ची खरी ३५ मिलिमीटर प्रिंट मिळवून ती स्कॅन केली आणि २०१८ मध्ये तिची डिजिटल आवृत्ती तयार केली. गणित करून बघा. दोन तास एक मिनिटाचा चित्रपट, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे जवळपास पावणेदोन लाख फ्रेम. त्यावरची धूळ, ओरखडे, डाग. नोकरी सांभाळून, एक पैसा न मिळवता, रात्री जागून. याला बालिशपणा म्हणायचं? आमच्या धंद्यात याला मेंटेनन्स म्हणतात, आणि तो करायला कोणीच तयार नसतो.

आणि प्रिंट मिळत नाहीत म्हणावं तर तेही नाही. त्या काळच्या साध्या ईस्टमनकलर प्रिंट कालांतराने लालभडक होतात हे खरं, पण टेक्निकलरच्या डाय-ट्रान्स्फर पद्धतीने काढलेल्या प्रिंटचे रंग टिकतात. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे अशी १९७७ ची प्रिंट होती. जून २०२५ मध्ये लंडनला त्यांच्या महोत्सवाच्या पहिल्या दिवशी ती दाखवली, लुकासफिल्मच्या परवानगीने, आणि कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुख कॅथलीन केनेडी तिथे बोलायला हजर होत्या. म्हणजे प्रिंट होती, प्रोजेक्टर होता, परवानगीही देता येत होती. नव्हती ती इच्छा.

फॅन लोकांनी वाचवलं म्हणून वाचलं, असं हे काही पहिलंच उदाहरण नाही. बीबीसीने १९६० आणि ७० च्या दशकांत 'डॉक्टर हू'च्या टेप पुसून परत वापरल्या. टेप महाग होती, आणि जुना भाग परत कोण बघणार, हा हिशेब. शंभराच्या आसपास भाग त्यात गेले. पण त्या गेलेल्या एकूण एक भागांचा आवाज आज उपलब्ध आहे. कसा? तर त्या वेळी काही पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसली होती. मोठ्यांनी तेव्हाही म्हटलंच असेल, काय वेडेपणा चाललाय. आज बीबीसी त्याच आवाजावर ॲनिमेशन करून ते भाग विकते.

'स्टार ट्रेक'चं तर सगळ्यांना माहीत आहे. १९६८ मध्ये मालिका दुसऱ्याच सीझननंतर बंद पडायची वेळ आली तेव्हा प्रेक्षकांनी एनबीसीवर पत्रांचा इतका पाऊस पाडला की चॅनेलला मालिका चालू राहणार असल्याचं टीव्हीवर जाहीर करावं लागलं. तिसरा सीझन झाला, १९६९ मध्ये ७९ भागांवर मालिका बंद पडली. त्या तिसऱ्या सीझनमुळेच रोज एक भाग दाखवायला पुरेल एवढा साठा तयार झाला आणि पुढे रिरनवर मालिका खरी मोठी झाली. १९७६ मध्ये याच लोकांच्या पत्रांमुळे नासाच्या पहिल्या स्पेस शटलचं नाव 'कॉन्स्टिट्यूशन' ऐवजी 'एंटरप्राइझ' ठेवलं गेलं. पत्रं लिहिणाऱ्या या वेड्यांच्या जिवावर स्टुडिओंनी पुढची पन्नास वर्षं धंदा केला.

आता फॅन लोकांच्या विरुद्धही बोलतो, नाहीतर म्हणाल हा एकतर्फीच लिहितो. फॅन म्हणवणाऱ्यांनी घाण केलेली आहे. २०१८ मध्ये केली मरी ट्रॅन या अभिनेत्रीला इतकं छळलं की तिने इन्स्टाग्रामवरच्या आपल्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या. जार-जारचं काम करणाऱ्या अहमद बेस्टला जो त्रास झाला त्याबद्दल त्याने स्वतःच नंतर सांगितलंय. हे प्रेम नाही, ही गुंडगिरी आहे. 'माझ्या लहानपणाचं वाटोळं केलं' म्हणून नटांच्या अंगावर जाणाऱ्यांबद्दल मला शून्य सहानुभूती आहे.

पण दोन मागण्यांमधला फरक नीट बघा. "पुढचा चित्रपट माझ्या मनासारखा काढा" ही एक मागणी. हिच्यावर फॅनचा काडीचा हक्क नाही. आवडला तर बघा, नाही तर सोडा. "जो चित्रपट तुम्ही काढलात, दाखवलात, ज्याचे पैसे घेतलेत, तो पुसू नका" ही दुसरी मागणी. ही हक्काची आहे. पहिली मागणी निर्मात्याच्या स्वातंत्र्यावर घाला घालते. दुसरी कोणाचंच काही काढून घेत नाही. लुकास यांनी आणखी दहा व्हर्जन्स काढली असती तरी चाललं असतं. फक्त यादीत सर्वांत वर १९७७ असं एक बटण पाहिजे होतं. या दोन मागण्या मुद्दाम एकत्र कालवून सगळ्या फॅन लोकांना रडके ठरवणं हा मला लबाडपणा वाटतो.

"मग त्या फॅनने केलेल्या कॉपी बेकायदेशीर नाहीत का?" आहेत, कायद्याच्या भाषेत आहेत. पण ज्याच्याकडे माल आहे त्याने दुकान बंद ठेवायचं आणि वर गिऱ्हाइकाला चोर म्हणायचं, हे कसं? हे लोक पैसे द्यायला तयार होते. कितीतरी जणांनी तोच चित्रपट व्हीएचएस, लेझरडिस्क, डीव्हीडी, ब्लू-रे असा चार-चार वेळा विकत घेतलाय. विका ना, पाचव्यांदाही घेतील!

शेवटचा मुद्दा आपल्या घरचा आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. भारतीय सिनेमाचा आरंभबिंदू म्हणून आपण त्याची जी दृश्यं अभिमानाने बघतो, ती फाळक्यांनीच १९१७ मध्ये परत काढलेल्या आवृत्तीतली आहेत असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे आपल्याकडेही दुसरं व्हर्जन पहिल्याचं नाव लावून बसलंय, आणि पहिलं मिळण्याची आशा नाही. 'आलम आरा' तर पूर्णच गेला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्म ठेवलेल्या भांडारांना आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांच्या प्रिंटसकट बरंच काही जळून गेलं. आपल्याकडे गरिबीने, हलगर्जीपणाने, आगीने जे गेलं, ते तिकडे सगळं हाताशी असताना, पैसा असताना, केवळ मालकाच्या हट्टापायी अडवून ठेवलं गेलं. ज्याचं पहिलं व्हर्जन कायमचं गेलंय त्याला विचारा त्याची किंमत.

आता ताजी बातमी. डिसेंबर २०२५ मध्ये लुकासफिल्मने जाहीर केलं की चित्रपटाच्या पन्नाशीनिमित्त १९७७ चीच आवृत्ती नव्याने दुरुस्त करून १९ फेब्रुवारी २०२७ पासून थिएटरमध्ये लावणार. बघा, 'अशक्य' गोष्ट कशी शक्य झाली! एका चेहऱ्याची मर्जी आड येत होती, ती २०१२ मध्ये कंपनी डिस्नेला विकली गेल्यावरही इतकी वर्षं पाळली गेली, आणि पन्नाशीचा गल्ला दिसल्यावर वाट मोकळी झाली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण घोषणेतले शब्द 'मर्यादित काळासाठी' असे आहेत, आणि ती एका चित्रपटापुरती आहे. 'एम्पायर' आणि 'जेडाय'चं काय? थिएटरमधून उतरल्यावर काय? जत्रेत एकदा देवदर्शन दिलं आणि परत गाभाऱ्याला कुलूप, असं असेल तर उपयोग शून्य.

तेव्हा 'मोठे व्हा' म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. ही घोषणा आकाशातून पडलेली नाही. १९९७ पासून जी माणसं या एका गोष्टीवर सतत, कंटाळा न करता, तुमची चेष्टा सहन करत भांडली, त्यांच्यामुळे मूळ चित्रपटाला मागणी आहे हे कंपनीच्या लक्षात राहिलं. गप्प बसले असते तर विसरूनही गेले असते सगळे. आणि उद्या तुमच्या आवडीचा पिक्चर, तुमच्या आवडीचं गाणं स्ट्रीमिंगवर एका रात्रीत गुपचूप बदललं जाईल, तेव्हा ते तुमच्या लक्षात तरी येणार आहे का?

तिन्ही चित्रपट, मूळ स्वरूपात, चांगल्या प्रिंटवरून, कायमचे विकायला ठेवा. बाजूला हवी तेवढी नवीन व्हर्जन्स मांडा. एवढीच मागणी आहे. आणि हो, गोळी हाननेच झाडली होती. ग्रीडोला संधीच मिळाली नव्हती.